विनंती नव्हे, मागणी : युरेकाच्या लढ्याचा धडा



३ डिसेंबर १८५४ रोजी, रविवारी पहाटे, ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे सोन्याच्या खाणींत राबणारे श्रमिक आणि ब्रिटिश वसाहतीचे सैन्य यांची झुंज झाली. युरेका येथील लाकडी तटबंदीआड त्या वेळी जेमतेम दीडशे माणसे होती. चालून आलेले सैनिक व पोलीस पावणेतीनशेच्या आसपास. पाव तासात सारे आटोपले. किमान २२ खाणकामगार आणि काही सैनिक प्राणांस मुकले. रणांगणावर हरलेला हा लढा पुढे जिंकला कसा, हे कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

१८५१ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले आणि देशोदेशींचे कष्टकरी तेथे लोटले. खणण्याच्या परवान्यासाठी दरमहा ३० शिलिंग भरावे लागत. मग सोने मिळो वा न मिळो. बॅलरॅटला तर सोन्याच्या थरापर्यंत पोहोचण्यास कित्येक महिने खोदावे लागे. मताचा अधिकार नाही, पण कर मात्र सक्तीचा! गव्हर्नर चार्ल्स हॉथमने १८५४ मध्ये आठवड्यातून दोनदा परवाने तपासण्याचा हुकूम सोडला आणि पोलिसी जुलूम असह्य झाला.

ऑक्टोबरमध्ये जेम्स स्कोबी या खाणकामगाराची हत्या झाली. संशयित हॉटेलमालकास दंडाधिकाऱ्यांनी सोडून दिले. संतप्त जमावाने ते हॉटेल जाळले. त्यासाठी तिघांना तुरुंगवास घडला. ११ नोव्हेंबरला बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीचे संस्कार तिच्यावर होते. परवाना रद्द करा, सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार द्या, प्रतिनिधित्वासाठी मालमत्तेची अट काढा, असा तिचा कार्यक्रम होता. तिघांच्या सुटकेसाठी गेलेल्या शिष्टमंडळाने ‘मागणी’ हा शब्द वापरला, तेव्हा हॉथमने त्या शब्दालाच हरकत घेतली. रयतेने विनंती करावी, ही सत्तेची अपेक्षा होती. २९ नोव्हेंबरच्या सभेत परवान्यांची होळी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी होताच पीटर लेलरच्या नेतृत्वाखाली कामगारांनी ‘सदर्न क्रॉस’ ध्वजाखाली शपथ घेतली.

पराभवानंतर तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले भरले गेले. त्यांत जॉन जोसेफ हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय होता, राफाएलो कार्बोनी हा इटालियन. १८५५ मध्ये मेलबर्नच्या ज्यूरींनी सर्वांना निर्दोष ठरविले. शस्त्रे जेथे अपुरी पडली, तेथे लोकमत उपयोगी पडले. त्याच वर्षी परवाना गेला. वर्षाला एक पौंड भरून खणण्याचा आणि मतदानाचाही हक्क मिळाला. लेलर विधिमंडळात पोहोचला. १८५७ मध्ये व्हिक्टोरियाच्या कनिष्ठ सभागृहासाठी प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला.

परंतु या विजयाची दुसरी बाजू लपविता कामा नये. १८५५ मध्येच येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर लादला गेला. ज्या वाडावुरुंग आदिवासींच्या भूमीतून हे सोने निघाले, त्यांचा त्या मागण्यांत उल्लेखही नव्हता. स्त्रियाही मताधिकाराबाहेरच राहिल्या. १८७३ मध्ये क्लून्सच्या खाणीतील संप मोडण्यासाठी चिनी मजूर आणू पाहणाऱ्या कंपनीच्या संचालकांत खुद्द लेलर होता! ज्यांना लढ्याबाहेर ठेवले, त्यांनाच मालकांनी लढ्याविरुद्ध वापरले.

म्हणून मागणीपत्र लिहिताना संघटनेने प्रथम हे पाहावे, की त्यात कोणाचे नाव राहून गेले आहे.