गिऱ्हाइकाचा नंबर आपल्या वहीत
(माजरी येथील बैठकीतले मनोगत)

ताईंनो, लोणच्या-पापडाची वेबसाइट काढू म्हणता, जरूर काढू. पण वेबसाइट म्हणजे नुसतं दुकान. तिथवर गिऱ्हाईक आणायचं काम बहुतेक गूगलच करतं. त्यानं आपलं नाव पहिल्या पानावरून खाली ढकललं, तर विचारायचं कुणाला? लग्न जुळवणाऱ्या भारत मॅट्रिमोनीच्या कंपनीनं २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड झाला, तो २०१८ मध्ये. सहा वर्षं थांबणं आपल्या गटाला परवडेल का? मोहफुलं घेणारा व्यापारी एकच असला की भाव कोण ठरवतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून गूगलवर नाव टाकाच. पण प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन नंबर, त्याला विचारून, गटाच्या वहीत लिहा.