पाव मिलिमीटर



सकाळपासून निदान पंधरा जणांनी मला एकच विचारलं, "पाय कसा आहे गं?" नोकरी, मुलं, पुण्यातलं घर, सगळं नंतर. म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

माझा जन्म जून 1980चा. डावं पाऊल आत वळलेलं, टाच वर चढलेली. त्या वर्षी 16 फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, हे तिने आयुष्यभर ऐकून घेतलं. ग्रहणाचा काही संबंध नाही. याला क्लबफूट म्हणतात, हजारात साधारण एका बाळाला असतं आणि बहुतेकदा कारण सापडत नाही. हे आईला तेव्हाच कोणी सांगायला हवं होतं.

प्लास्टर सुरू झालं, पण दर आठवड्याला मुंबई, तीही पावसाळ्यात, तान्ह्या बाळाला घेऊन! रेवसची लाँच चालू असली तर ठीक, नाहीतर पेणवरून एसटी. ते मध्येच सुटलं. तीन वर्षांची असताना ऑपरेशन झालं. टाचेमागचे आणि पावलाच्या आतल्या बाजूचे आखडलेले स्नायुबंध सैल केले. पाऊल सरळ झालं. चौथीपर्यंत ते पुन्हा आत वळायला लागलं.

मग पाचवीतली ती तारांची चौकट, जी तुम्हा सगळ्यांना आठवते. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली, त्यांच्याच नावावरून 'जेस'. नडगीतून, टाचेतून, पावलाच्या हाडांतून बारीक तारा घालून त्या बाहेरून सळ्यांनी जोडतात आणि स्क्रू फिरवत आखडलेला भाग हळूहळू ताणतात. रोजचं काम सर्जन करत नाही, घरचे करतात. आतल्या बाजूचा स्क्रू दर सहा तासांनी पाव मिलिमीटर, बाहेरचा दर बारा तासांनी तेवढाच. आतली बाजू जास्त आखडलेली, म्हणून दुप्पट. बाबा गजर लावून उठायचे आणि वाण्याच्या वहीत खूण करायचे. वीज गेली की बॅटरीच्या उजेडात. तारांच्या तोंडाशी पू होऊ नये म्हणून आई रोज पुसायची, तरी एकदा झालाच. मला उचलून वर्गात नेणारे दोघे आज समोर बसलेत. नावं घेत नाही, लाजतील.

तर उत्तर. पाऊल सरळ आहे. घोटा ताठ, पोटरी बारीक, उकिडवं बसता येत नाही. किहीमच्या वाळूत अर्धा तास चालले की रात्री ठणकतो. चपला दोन मापांच्या लागतात, म्हणजे दोन जोड घ्यायचे!

हे माझ्यापुरतंच आहे का, ते मी शोधलं. मोठं ऑपरेशन झालेल्यांची सुमारे 30 वर्षांनी केलेली तपासणी 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. अनेकांचे पाय नीट काम देत नव्हते आणि जितकी कापाकापी जास्त तितका त्रास जास्त. आयोवाचे डॉ. इग्नासिओ पोंसेटी मात्र प्लास्टर आणि टाचेमागचा छोटासा छेद यांवरच भर देत. त्यांचे जुने रुग्ण पस्तिशीच्या आसपास असताना तपासले, तर 78 टक्के चांगल्या किंवा उत्तम स्थितीत होते. पाय जन्मापासून सरळ असलेल्यांत हेच प्रमाण 85 निघालं. जग त्यांचं ऐकायला लागलं तोवर माझी दहावी झाली होती.

आता सगळीकडे तीच पद्धत आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, उपचार मोफत होतात. पण प्लास्टर निघालं की दांडीचे बूट येतात: पहिले तीन महिने 23 तास, मग चार वर्षांचं होईपर्यंत रात्री. पाय उलटतो तो बहुतेक इथेच.

आमच्या वाडीशेजारी आठ महिन्यांचं बाळ आहे. पाऊल सुंदर सरळ झालंय. रडतं म्हणून आजी रात्री बूट काढून ठेवतात. "झाला की सरळ, कशाला छळता?" परवा मी त्यांना माझा घोटा दाखवला, व्रण दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत.

उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे. आपल्या वर्गातल्या दोघी आशाताई झाल्यात, त्यांनी सोबत यावं. मी पडले पुण्याची पाहुणी, माझं कोण ऐकणार?