पूर्ण ब्रेक



आपला सातारचा हायवे तुमच्या रोजच्या पायाखालचा आहे. त्याच हायवेला कऱ्हाडकडे तोंड करून लागलं आणि कुठेही न वळता चालत राहिलं, की कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, बंगळूर असं एकेक मागे पडत हजारएक किलोमीटरवर, चेन्नईच्या जरा अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै नावाचं गाव येतं. रस्ता तोच आणि त्याचा नंबरही तोच, अठ्ठेचाळीस. या गावाला हायवेलगतच मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. गेल्या जानेवारीत मी माझी रोजची गाडी घेऊन तिथे गेले आणि दिवसभर त्या ट्रॅकवर चालवली. आज तुम्हाला त्या दिवसाबद्दल सांगायचं आहे.

मी ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. बावीस वर्षं गाडी चालवते आहे. माझी गाडी साधी, पेट्रोलवरची, बाराशे सीसीची आहे. भाजी आणायची तीच आणि माहेरी जायची तीच. माझा भाचा श्रीपेरुंबुदूरला मोटारीच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "मावशी, इथे ट्रॅक डे असतो. पैसे भरायचे आणि स्वतःची गाडी चालवायची. शर्यत नसते. तू ये." मला खंबाटकी घाटाची आठवण झाली आणि मी हो म्हटलं. खंबाटकीचं पुढे सांगते.

आधी ट्रॅकविषयी थोडं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. पूर्वी या लोकांच्या शर्यती शोलावरमला, महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर व्हायच्या. मग त्यांनी जमीन घेऊन स्वतःचा ट्रॅक बांधला आणि १९९० मध्ये तो सुरू झाला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, वळणं बारा. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, पण जुनी मंडळी अजून नुसतं 'ट्रॅक' एवढंच म्हणतात.

सकाळी सातला गेटवर गाड्यांची रांग होती. पहिलं काम गाडी रिकामी करण्याचं. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालची मॅटिंग, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. वळणावर सुटी बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, हे तपासणी करणाऱ्या मुलाने मला हातात बाटली धरून दाखवलं. त्या दिवसापासून माझ्या सीटखाली बाटली नसते. त्याने चाकांचे बोल्ट पान्याने आवळून पाहिले, बॅटरी हलवून पाहिली, हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. मग एक कागद सहीसाठी पुढे आला. तो मी नीट वाचला. आपल्या गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. तिथे गाडी ठोकली तर खर्च आपला. हे माहीत असूनच सही करायची.

त्यानंतर झेंड्यांचा वर्ग झाला. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, सावकाश, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला जाऊ द्या. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, आणि तोही पुढच्याने हात करून वाट दिल्यावरच. श्रोतेहो, हा नियम ऐकताना माझ्या मनात आलं, की ज्या ठिकाणी वेगाला परवानगी आहे, त्या ठिकाणी शिस्त आपल्या हायवेच्या कितीतरी पट जास्त आहे.

नवख्यांच्या तुकडीत आम्ही आठ जण होतो. प्रत्येक सेशन पंधरा मिनिटांचं. माझ्या शेजारी शिकवायला बसलेले गृहस्थ साठीच्या पुढचे, तमिळ. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत चालायचं. पहिली फेरी सगळ्यांनी रांगेत, हळू. दुसऱ्या फेरीत वेग वाढला, तसे ते मला एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगायला लागले : बघा. माझी नजर बॉनेटच्या पुढच्या दहा हातांवर होती. ते बोट लांब करून वळणाचं पार दुसरं टोक दाखवत होते. मी तिकडे बघायला लागले आणि हात आपोआप सुतासारखे सरळ आले, स्टिअरिंगची ओढाताण थांबली. जिकडे डोळे, तिकडे गाडी. घाटात आपण पुढच्या ट्रकच्या पाठीवर नजर खिळवून चालवतो, ते किती चुकीचं आहे हे त्या पाच मिनिटांत समजलं.

पण मला खरं सांगायचं आहे ते ब्रेकबद्दल.

लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी वळणाआधी पाट्या लावलेल्या असतात. तिथे ते म्हणाले, "मॅडम, आता ब्रेक पूर्ण दाबा." मी दाबला. ते म्हणाले, "हा अर्धा आहे." पुढच्या फेरीत आणखी जोरात दाबला. पुन्हा तेच : अर्धा. तिसऱ्या फेरीत मी पाठ सीटला टेकवून, पाय सरळ करून, लाथ मारावी तसा दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, पट्टा छातीत रुतला, पेडल पायाखाली थरथर कापायला लागलं आणि गाडी मी कधी पाहिली नव्हती इतक्या थोड्या अंतरात ताब्यात आली. ती थरथर म्हणजे एबीएस. चाक लॉक होऊ लागलं की ती यंत्रणा सेकंदात अनेकदा ब्रेक सोडते आणि धरते. बावीस वर्षांत ती मला पहिल्यांदा पायाला जाणवली. म्हणजे बावीस वर्षांत मी एकदाही पूर्ण ब्रेक दाबला नव्हता. लायसन्सच्या परीक्षेत मला आठ आकडा काढायला लावला होता, रिव्हर्स घ्यायला लावलं होतं. ब्रेक पूर्ण दाबून दाखवा, असं कोणी म्हटलं नव्हतं.

शेजारच्या गृहस्थांनी दुसरी गोष्ट शिकवली : ब्रेक सरळ रेषेत मारायचा, मग सोडायचा, मग वळायचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हे असं सांगते. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो. त्याची पकड म्हणजे घरात येणारा महिन्याचा पगार. ब्रेकवर सगळा उडवला तर वळणाला शिल्लक राहत नाही. वळणावर सगळा खर्च चालू असताना ब्रेक मारला, तर उसनं कुठून आणणार? गाडी सरळ निघून जाते. खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडलं की उतारावर ते एस वळण. कितीतरी गाड्या तिथे उलटल्या, माणसं गेली. चार वर्षांपूर्वी पावसात त्याच वळणावर, वळता वळता, मी घाबरून ब्रेक दाबला होता आणि गाडी कठड्याकडे सरकली होती. मागे मुलगी झोपलेली होती. गाडी थांबली, काही झालं नाही. पण ती का सरकली याचं उत्तर मी वर्गात फळ्यावर लिहीत होते, पाठ्यपुस्तकातून शिकवत होते, आणि पायाला मात्र ते माहीत नव्हतं. त्यासाठी मी हजार किलोमीटर गेले होते.

दुपारच्या सेशनला ऊन चढलं होतं. चौथी फेरी झाली असेल. सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १३० चा वेग, पाटी आली, मी पाय दाबला, आणि पेडल भुसभुशीत मातीत पाय जावा तसं खाली गेलं. गाडीचा वेग कमी होईना. शेजारचे गृहस्थ शांत आवाजात म्हणाले, "पंप, पंप, गिअर." मी पेडल दोनदा झटपट दाबून सोडलं, तिसरा टाकला, दुसरा टाकला, इंजिन ओरडलं, थोडा ब्रेक लागला. वळण काही जमलं नाही. आम्ही सरळ बाहेरच्या मोकळ्या मातीत गेलो आणि धुळीत थांबलो. मार्शलने लगेच पिवळा झेंडा हलवायला सुरुवात केली होती. तिथे मोकळी माती असते म्हणून मी आज तुमच्यासमोर बोलते आहे. कुंभार्ली घाटात त्या जागी दरी असते.

पिटमध्ये हळूहळू आलो. हँडब्रेक ओढायचा नाही, असं सकाळीच सांगितलेलं होतं. तापलेला ब्रेक जागेवर आवळून ठेवला की खराब होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावला. पुढच्या चाकांतून तो वास येत होता, घाट उतरणाऱ्या ट्रकच्या मागे येतो तो जळका वास. एका पोराने चाकाजवळ नळी लावून जुनं ब्रेक ऑइल काढलं. ते कोऱ्या चहासारखं काळपट तांबूस होतं आणि त्यात बुडबुडे होते. शेजारी नव्या डब्यातलं ऑइल ओतलं, ते फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून मी किती तरी वेळ बघत होते.

रात्री भाच्याच्या घरी हिशेब मांडला. माझी गाडी, मी आणि शेजारचे गृहस्थ मिळून अकराशे किलोच्या आसपास. १३० वरून ६५ वर यायचं, तर तीनेक सेकंदांत ब्रेकला जी उष्णता झेलावी लागते, तिच्यावर दीड लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे एका फेरीत चार-पाच वेळा. ब्रेक ऑइलचा स्वभाव असा, की ते हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट थ्री जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. आपण पेडल दाबतो, वाफ दबते, आणि चाकाला काहीच कळत नाही.

माझ्या गाडीतलं ऑइल चार वर्षांत बदललं गेलं नव्हतं. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर 'ब्रेक ऑइल तपासलं' असं छापून यायचं. तपासलं म्हणजे डब्यातली पातळी पाहिली. पातळी बरोबरच होती. त्यात पाणी किती मुरलंय, हे पातळी सांगत नाही. याचा मला राग आला आणि अजून आहे, कारण सातारा, महाबळेश्वर, कोकण असा आपला सगळा पट्टा चार महिने पावसाच्या दमट हवेचा आहे आणि उताराचा आहे. आंबेनळी घाट उतरताना, कुंभार्ली उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला तर तीच उष्णता तयार होते, फक्त सावकाश. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये टाकून उतरणारे तर इंजिनाचा आधारही काढून घेतात आणि सगळं ओझं ब्रेकवर टाकतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे एसटीचे जुने ड्रायव्हर सांगतात ते अगदी बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. तोच रस्ता, तोच नंबर. सोबत आलेले यजमान म्हणाले, मी चालवू का? म्हटलं, बंगळूरपर्यंत मी चालवते. गाडीत नवं ऑइल होतं. होसूरच्या आसपास एक बैलगाडी अचानक रस्त्यात आली. मी पूर्ण ब्रेक दाबला, पेडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत थांबली. मागच्या सीटवरच्या डब्यातले धपाटे खाली सांडले, एवढंच.

ताशी शंभरच्या वेगाला आपला पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबूनही थांबायला आणखी पंचेचाळीस-पन्नास मीटर लागतात. अर्धा दाबला तर त्याच्या दुप्पट. आपल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना माझी विनंती आहे, की महिन्याभराच्या शिकवणीत एक सकाळ ठेवा. गावाबाहेर मोकळं मैदान घ्या, कोणी मध्ये येणार नाही याची व्यवस्था करा, ताशी चाळीसचा वेग द्या आणि शिकणाऱ्या मुलाला, मुलीला पूर्ण ब्रेक दाबायला लावा. पहिल्यांदा अर्धाच दाबला जाईल. पुन्हा दाबायला लावा.

आणि तुम्हाला एवढंच सांगते. पावसाळ्याआधी गाडी गॅरेजला न्याल, तेव्हा मिस्त्रींना 'ब्रेक ऑइल तपासा' असं म्हणू नका. शेवटचं कधी बदललं ते विचारा. दोन वर्षं होऊन गेली असतील, तर जुनं काढून नवं भरायला सांगा आणि निघालेलं जुनं ऑइल एकदा बाटलीत घेऊन स्वतः डोळ्यांनी बघा.