प्रयोगशाळेतले दोन हंडे पाणी



कॉलेजच्या आवारातील आरोग्य आणि सुरक्षितता या विषयावरचे संमेलन पेठला भरवायचे आयोजकांनी ठरवले, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. एरवी हा विषय मोठ्या शहरांतल्या सभागृहांत चर्चिला जातो. नळ सोडला की पाणी येणार, हे तिथे गृहीतच असते. पेठ तालुक्यात पावसाळाभर आभाळ कोसळते, ते पाणी दमणगंगेतून आणि पारेतून गुजरातकडे निघून जाते आणि उन्हे तापली की पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झऱ्याची वाट धरतात. सुरक्षिततेची कोणतीही चर्चा इथे या पाण्यापासूनच सुरू करावी लागते.

विद्यार्थ्याच्या डोळ्यात आम्ल किंवा कॉस्टिक सोडा उडाला, तर त्यावर पहिला उपचार एकच: स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचे, सलग पंधरा मिनिटे, पापण्या उघड्या धरून. कॉस्टिक सोडा अधिक वाईट. तो वरवर भाजून थांबत नाही, आत उतरत जातो. डोळे धुण्याच्या यंत्रातून मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी यावे, असे मानक आहे. पंधरा मिनिटांचे साडेबावीस लिटर झाले, म्हणजे जवळपास दोन हंडे. आता विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षा कधी असतात ते आठवा. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत खडखडते. नाशिकचे नेत्ररुग्णालय इथून पन्नासहून अधिक किलोमीटर, मध्ये घाट. मुलाची दृष्टी वाचणार की जाणार, हे घाट ओलांडण्याच्या कितीतरी आधी, बेसिनपाशी ठरून गेलेले असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तोटी लावलेले एक झाकणाचे पिंप असावे. त्यातले पाणी पिण्यायोग्य असावे, आठवड्याला बदलावे, काढलेले पाणी झाडांना घालावे आणि त्या पिंपाला दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हात लागू नये. याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

तपासणीच्या फाइली आपण सगळेच तयार करतो. नॅकच्या मूल्यांकनासाठी हरित लेखापरीक्षण होते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हे आवश्यक आहे, त्याची मी कुचेष्टा करणार नाही. पण भिंतीवरचे ते लाल नळकांडे पिन ओढून चालवून पाहिलेले किती जण या मांडवात आहेत? आणि ज्यांच्या हाताला ते सर्वांत आधी लागणार, त्या परिचरांपैकी किती जणांना ते कधी कोणी शिकवले?

परिचर म्हणजे मुलांचे ‘मामा’. मी त्यांच्याबद्दल थोडे जास्त बोलणार आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या कॉलेजात एक मामा होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटे आणि नखे पिवळी असत. मुलांना वाटे, हळदीची. ती नायट्रिक आम्लाची होती. कातडीतल्या प्रथिनाशी त्याची क्रिया होते आणि तो रंग धुऊन जात नाही, कातडी झडेपर्यंत राहतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही प्रथिनाची परीक्षा म्हणून दिलेली आहे. आम्ही ती वर्गात शिकवत होतो आणि शेजारच्या खोलीत तीच परीक्षा एका माणसाच्या हातावर रोज चालली होती. मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत आम्ल ओतण्याचे काम त्यांचे, फुटलेली काच उचलण्याचे त्यांचे, थर्मामीटर फुटला तर फरशीच्या भेगेतला पारा गोळा करण्याचेही त्यांचेच. कॉलेजात सर्वांत जास्त धोका ज्याच्या अंगावर, त्याच्याच नावाने एकही प्रशिक्षण लागत नाही. ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

धोका कळण्यासाठी तो काय आहे हे कोणीतरी सांगावे लागते. नाकावर आणि डोळ्यांवर विसंबून चालत नाही. किपच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू घ्या. सडक्या अंड्यांचा वास म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रमाण वाढले की हाच वायू नाकाची वास घेण्याची शक्ती मारून टाकतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे मूल समजते आणि धोका खरा तिथूनच वाढलेला असतो. वसतिगृहाच्या मैल्याच्या टाकीतही हाच वायू असतो. एक माणूस आत उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय अशा टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तास संपल्यावर वर्गातला वायू आणि आवारातली टाकी यांचा संबंध मुलांना सांगणारा शिक्षक मला हवा आहे.

कारण ही मुले इथून कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. काही वापी-सिल्व्हासाच्या कारखान्यांत लागतात. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी पेठ-सुरगाण्याची माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि दिवाळीच्या सुट्टीत आपले विद्यार्थीही त्यांच्याबरोबर असतात. तिथे छाटलेल्या काडीवर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावतात. त्यातले हायड्रोजन सायनामाइड कातडी आणि डोळे भाजते. शिवाय ते शरीरात दारूचे पचन अडवते. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी घोटभर घेतलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. सोबतचे म्हणतात, त्याला जास्त झाली. बाटलीवरचे लेबल वाचायची सवय असलेला एक पोरगा त्या टोळीत असेल, तर तो मुकादमाकडे हातमोजे मागेल आणि संध्याकाळी बापाचा हात धरेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ आपल्या पदवीधराला सांगता येत नसेल, तर आपण त्याला कोणते रसायनशास्त्र शिकवले?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना द्यावे असे सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. क्षेत्रभेटीवर त्यात भर आहे. आपण मात्र ओझोनच्या छिद्राची चित्रे चिकटवलेल्या वह्या स्वीकारत राहिलो. मी प्राध्यापकांना विनंती करतो की यंदाचा प्रकल्प वेगळा द्या. प्रयोगशाळेच्या बेसिनखालचा पाइप कुठे उघडतो, हे मुलांनी चालत जाऊन पाहावे. डायक्रोमेटचे उरलेले द्रावण, शिशाचे आणि बेरियमचे क्षार त्या पाइपातून कोणत्या उतारावर, कोणत्या नाल्यात जातात, खाली कोणाची विहीर आहे, कोणाची गुरे पाणी पितात, हे नकाशावर काढावे. एकदा तो नकाशा भिंतीवर लागला की जड धातूंची द्रावणे वेगळ्या कॅनमध्ये साठवा, हे कोणाला सांगावे लागणार नाही.

वसतिगृहाविषयी थोडेच. पावसाळ्यात मण्यार घरात शिरतो आणि रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. फारसे दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि तोवर मोलाचे तास गेलेले असतात. तेव्हा प्रत्येक मुलाला खाट आणि मच्छरदाणी, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष ग्रामीण रुग्णालयात आज शिल्लक आहे का, याची पावसाळ्याआधी रेक्टरने केलेली चौकशी, एवढे तरी व्हावे. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार महाडसारख्या ठिकाणी काम करून डॉ. हिंमतराव बावसकरांनी जगापुढे ठेवला, हे तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या आपण विसरू नये. १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ स्थापून दादासाहेब बिडकरांनी या डोंगरांत शिक्षण आणले. आज पेठमध्ये त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. या डोंगरांतून शिकायला येणाऱ्या मुलांना सुखरूप ठेवणे हे आता आपल्याकडे आलेले काम आहे.

दुपारच्या सत्रात ठराव मांडले जातील. परिचरांना दरवर्षी पगारी प्रशिक्षण, हातमोजे, चष्मा आणि वैद्यकीय तपासणी मिळावी, हा ठराव आयोजकांनी शेवटी ठेवला आहे. तो पहिला घ्यावा, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे, आणि तो एखाद्या परिचरानेच मांडावा.