साथीच्या वाद्याचें भाग्य

मैफलींत गवयाचें नांव सर्वांच्या ओठीं असतें; साथीदाराचें नांव मात्र पुष्कळांस विचारावें लागतें. पाश्चात्य लोकप्रिय संगीतांतही तालवाद्यांची स्थिति फारशी निराळी नव्हती. ‘बोंगो रॉक’ या रचनेची हकीकत म्हणूनच ऐकण्याजोगी आहे.

बोंगो हें मूळचें क्यूबांतील चर्मवाद्य. डग्गा-तबल्याप्रमाणें यांतही एक भांडें लहान व एक मोठें. मात्र हीं दोन्हीं एकमेकांस जोडलेलीं असतात व वादक तीं गुडघ्यांत धरून वाजवितो. ऑक्लाहोमांत जन्मलेले प्रेस्टन एप्स हें वाद्य शिकले ते कोरियन युद्धाच्या काळांत, ओकिनावा बेटावर सैनिक असतांना. पुढें दक्षिण कॅलिफोर्नियांतील कॉफी-हाऊसांत ते वाजवूं लागले. आर्ट लॅबो या रेडिओ-निवेदकानें आपल्या कंपनीतर्फे त्यांची ‘बोंगो रॉक’ ही ध्वनिमुद्रिका १९५९ सालीं काढली. तींत गीत नव्हतें. बोंगोच नायक होता. तरीही अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत ती १४ व्या क्रमांकापर्यंत चढली. एप्स यांना तेवढें यश पुन्हां लाभलें नाहीं.

१९७२ च्या सुमारास मायकेल व्हायनर यांनीं एका चित्रपटाच्या संगीतासाठीं स्टुडिओंतील वादक एकत्र केले आणि तीच रचना नव्यानें मुद्रित केली. ‘इन्क्रेडिबल बोंगो बँड’ हें त्या मेळाचें नांव. जिम गॉर्डन यांचे ड्रम व बहामा बेटांचे किंग एरिसन यांचीं हातवाद्यें यांमुळें मूळच्या ठेक्यास नवें वजन आलें. १९७३ सालीं ही मुद्रिका बाजारांत आली. अमेरिकेंत तिला यश मिळालें तें बेताचेंच.

तिचें खरें भाग्य उघडलें तें न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत. तेथें जमैकांत जन्मलेले क्लाइव्ह कँपबेल ऊर्फ कूल हर्क नाचाच्या मेळाव्यांत मुद्रिका वाजवीत. सूर थांबून केवळ ताल उरला कीं नाचणाऱ्यांस विशेष उमाळा येतो, हें त्यांनीं हेरलें. मग दोन तबकड्यांच्या साहाय्यानें ते तेवढेच तुकडे एकापुढें एक जोडूं लागले. जेम्स ब्राउन यांच्या गीतांतून ‘बोंगो रॉक’च्या तालांत व तेथून पुढील मुद्रिकेंत, असा तो फेरा असे. याच प्रथेंतून हिप-हॉप संगीत जन्मास आलें.

एप्स २०१९ सालीं वारले. त्यांच्या कृतीस चिरायुष्य मिळालें तें पुनर्मुद्रणामुळें, आणि पुनर्मुद्रणास मिळालें तें एका जाणत्या श्रोत्यामुळें. बाजारानें जी मुद्रिका सहज विसरली असती, तींतील साथ त्यानें कान देऊन ऐकली होती.