बाळंतिणीच्या खोलीतील विद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी चार शब्द बोलावेत असा आपण आग्रह धरलात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु विषय बाळंतीण आणि तान्हे बाळ यांच्या शुश्रूषेचा, म्हणजे आपल्या घरचाच आहे.

२००२ च्या पावसाळ्यात माझा दुसरा मुलगा सहाव्या दिवशी गेला. घरीच जन्मला होता. चौथ्या दिवशी त्याने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, पाय गार पडले. मी सासूबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, “झोपाळू असतात काही पोरं. पाचवी पुजून होऊ दे, मग बघू.” नातवावर त्यांचा जीव नव्हता असे नाही, ठाऊक होते ते त्यांनी केले. मागून सर्वजण म्हणाले, सटवाईने तेवढेच लिहिले होते. मीही तेच मानून राहिले.

पुष्कळ वर्षांनी आमच्या आशाताईंनी मला गडचिरोलीची हकिकत सांगितली. डॉ. राणीताई आणि डॉ. अभय बंग हे पतिपत्नी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीच्या खेड्यांत काम करू लागले. मोजणी न येणाऱ्या सुइणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचे साधे श्वासमापक केले.

पुढे ३९ गावांतून त्यांनी गावच्याच स्त्रिया निवडल्या. कोणी पाचवी शिकलेली, कोणी दहावी. त्यांना बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, जंतुदोष ओळखून औषध व इंजेक्शन देणे शिकविले. त्या घरोघर जात आणि पाहिलेले सर्व लिहून ठेवीत. १९९३ च्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ साली हा आकडा सुमारे २५ वर आला. शेजारच्या ४७ गावांत अशी शुश्रूषा नव्हती. तेथे अशी घट झाली नाही.

भगिनींनो, हे संशोधन मोठ्या इस्पितळात झाले नाही. आपल्याइतक्याच शिकलेल्या बायकांच्या हातून, बाजेशेजारी बसून झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. माझा मुलगा गेला २००२ मध्ये. विद्या होती, आमच्या पाड्यापर्यंत ती पोहोचली नव्हती. हे कळल्यावर मी सटवाईला बोल लावणे सोडले.

२०११ पासून सरकारने हीच पद्धत आशाताईंच्या हाती दिली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही येतात. मग आपण काय करतो? “विटाळ आहे, सव्वा महिन्याने या.” “बाळ आत्ताच निजलंय.” “दृष्ट लागेल.” डोळखांबकडून, टोकावड्याकडून भर पावसात चिखल तुडवीत आलेली बाई उंबऱ्यावरूनच परत जाते.

माझी थोरली लेक बाळंतपणाला आली, तेव्हा मी आशाताईंना पाट दिला, हात धुवायला साबण दिला आणि दुपटे स्वतः सोडले. त्यांनी घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले. ४६ भरले. साठ किंवा अधिक भरले तर धोका असतो. सर्व ठीक होते, तरी माझे डोळे भरून आले.

म्हणून एवढेच मागणे. बाळ दूध ओढीनासे झाले, हातपाय ढिले पडले, रडणे क्षीण झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर पाचवीची वाट पाहू नका. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय गाठा. आणि आशाताई दारी आल्या तर त्यांना बाळंतिणीच्या खोलीपर्यंत नेण्याचे काम सासूने करावे. आज आपल्यापैकी पुष्कळजणी सासवा झाल्या आहेत.