नाक, नाते आणि रक्त



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर, इंजिनिअर, वकील भरपूर. त्यामुळे संयोजकांनी मला बजावले, "तू कॉलेजात नेमके काय शिकलीस ते एकदा सांगूनच टाक." मानववंशशास्त्र म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, माकडाचा माणूस आणि जंगलातले आदिवासी. आमच्या एका काकांची तर अजूनही समजूत आहे की मी लोकांच्या वंशावळी लिहून देते.

विषय म्हणाल तर खिचडी. सकाळी कवट्या, दुपारी गोंडांची कुळे, दुसऱ्या दिवशी रक्तगट, शनिवारी काटोल रोडवर जुनापाणीची दगडी वर्तुळे. पहिले वर्षभर हे सगळे एका विषयात का कोंबले आहे तेच कळेना. मग स्टीफन हिस्लॉप वाचला. आपल्याला तो फक्त कॉलेजच्या पाटीवर माहीत. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. त्याने इथले जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी टिपून ठेवली, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहायला गेला असता बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडाला. खडक, कबरी आणि गाणी एकाच माणसाच्या वहीत होती. ती टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली.

आमचे पहिले प्रॅक्टिकल नाकाचे. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. एका बाकावरच्या आम्ही तिघी मैत्रिणी तीन वेगळ्या गटांत निघालो आणि वर्गात हशा पिकला. सरांनी मग सांगितले की याच आकड्यावरून १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी जातींची उतरंड मांडली होती. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या मोजमापांचेच आकडे पुढे ठेवून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे आहेत, याला त्यात काहीच आधार नाही. मोजपट्टी तीच. ती कोण धरतो आणि कशासाठी, हे तपासायला मी तिथे शिकले.

नात्यांचा तास मात्र माझा सर्वांत आवडता. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात नातेसंबंधांवरून देशाचे विभाग पाडले. उत्तरेत मामेबहिणीशी लग्न म्हणजे पाप, दक्षिणेत सख्ख्या भाचीशीसुद्धा चालते, आणि आपण मधोमध. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. सरांनी विचारले, तुमच्या आज्या सासूला काय म्हणायच्या? आत्याबाई. सासऱ्याला? मामंजी. म्हणजे मामाची मुलगी आत्याच्या घरी सून होऊन जायची, याचा पुरावा आपल्या तोंडातच होता! गोंडांमध्ये अशा लग्नाला दूध परत करणे म्हणतात. एका घराने मुलगी दिली, तिचे दूध पुढच्या पिढीत परत आले. त्यामागे हिशेब असतो. जमीन, देणेघेणे, आणि मुलगी ओळखीच्या उंबऱ्यात जाते हा दिलासा.

आता रक्त. सिकलसेल हा शब्द विदर्भात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली निबंध आला, तो नागपूरच्या डॉक्टरांचा. हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदलते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आईवडील दोघांकडून हा दोष आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक, धडधाकट. उलट जीवघेण्या मलेरियापासून वाहकाला काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आपण जातीतच, नात्यातच लग्ने करतो म्हणून तो काही समाजांत साठूनही राहिला. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक.

इथे उपस्थित शिक्षकांना मुद्दाम सांगते. पीटीच्या तासाला सांधे दुखतात म्हणून बसून राहणारे, थंडीत हमखास गैरहजर असणारे मूल कामचुकारच असेल असे नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, तिकडे एकदा पाठवा.

पण तपासणीने प्रश्न संपत नाही, कधी सुरूही होतो. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत सर्वेक्षण करताना एका आईने मला आत बोलावले. मुलीची सोयरीक ठरत आलेली, आणि मुलगी वाहक. हातात कार्ड. "मॅडम, हे दाखवू का झाकून ठेवू जी?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, "पोराकडचं कार्ड मागायची आपल्यात रीत हाय का?"

तिची भीती खरी होती. 'पोरीच्या रक्तात खोट आहे' एवढे एक वाक्य वस्तीत फिरले की तिच्या धाकटीचेही अडले असते. रिस्लेच्या नाकासारखेच हे. मुलाचे रक्त मात्र कोणी विचारत नव्हते. जनुकशास्त्राचे उत्तर सोपे होते. मुलाच्या रक्तात दोष नसेल तर लग्नाला काहीच हरकत नाही, त्यांची मुले फार तर वाहक होतील. ते मी सांगितले. पण हे उत्तर मुलाकडच्यांपर्यंत न्यायचे कोणी? आई नेऊ शकत नव्हती, आणि मी तर परकी.

मी विचारले, मुलीचा मामा कुठे असतो?

मामा कामठीला होता. लग्नात मामाला बोलायचा हक्क आहे. मुलीला अंतरपाटापाशी आणतो तोच. दोन दिवसांनी तो मुलाकडे गेला आणि म्हणाला, "आमच्या भाचीचं कार्ड हे, तुमच्या पोराचं द्या." पत्रिका मागावी तितक्या सहज. मुलाचा बाप थोडा कुरकुरला, पण मामाचा शब्द मोडवेना. मुलाची तपासणी झाली, रिपोर्ट निर्दोष आला, वैशाखात लग्न लागले. मामाच्या आग्रहामुळे मुलाच्या दोन्ही बहिणींनीही मग रक्त तपासून घेतले. त्यातली एक वाहक निघाली. तिच्या लग्नाच्या वेळी कार्ड कोणी मागायचे, ते त्या घरात आता ठरलेले आहे.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर जेवणाच्या वेळी मी पुरणपोळीच्या रांगेतच सापडेन.